ट्रॅक्टरचा अडकलेला फिल्टर आणि हॅरी फर्ग्युसन नावाचा हट्टी माणूस

ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग घरच्या घरी करायची असं ठरवून जुनं ऑइल काढलं, नवा फिल्टर आणून ठेवला, आणि जुना फिल्टर जागचा हलायलाच तयार नाही, हा प्रकार शेतकऱ्याच्या घरातल्या बहुतेकांना माहीत असेल. नेमकं इथंच घोडं पेंड खातं. हात तेलकट, फिल्टर गुळगुळीत, आणि शेजारी उभा असलेला प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो.

फिल्टर कसा काढायचा ते या लेखात सांगणारच आहे. पण त्याआधी एका माणसाची गोष्ट सांगायची आहे, कारण मशीन मालकाला स्वतः उघडता, जुळवता आणि सांभाळता आलं पाहिजे या गोष्टीसाठी त्याने आयुष्य घालवलं. त्याचं नाव हॅरी फर्ग्युसन. आपल्याकडे ज्याला सगळे नुसतं 'मॅसी' म्हणतात, त्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या नावातले फर्ग्युसन हेच. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, ऑइल फिल्टरचा शोध त्यांनी लावलेला नाही. तो १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड यांनी लावला. फर्ग्युसन यांचं काम वेगळं होतं, आणि माझ्या मते जास्त मोठं होतं.

शेतीला कंटाळलेला शेतकऱ्याचा मुलगा

फर्ग्युसन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा, आयर्लंडच्या उत्तर भागातल्या डाउन परगण्यातला. ड्रोमोर गावाजवळ वडिलांची शेती होती. अकरा भावंडांत हॅरी चौथे. घरात धर्माचं वातावरण अतिशय कडक, आणि शेतातलं काम घोड्यांच्या मागे दिवसभर चालत करायचं. या दोन्ही गोष्टींचा त्यांना मनापासून तिटकारा होता. १९०२ मध्ये ते घर सोडून कॅनडाला जाण्याच्या बेतात होते. तेवढ्यात थोरले भाऊ जो यांनी बेलफास्टमध्ये गॅरेज काढलं आणि हॅरींना कामाला बोलावलं. शेतीच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट त्या गॅरेजमुळे घडली, नाहीतर हा माणूस परदेशात कुठेतरी हरवून गेला असता.

गॅरेजमध्ये लवकरच लक्षात आलं की पोराला इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड कळतो. मोटरसायकलच्या शर्यती झाल्या, मग विमानाचं वेड लागलं. तेव्हा आयर्लंडमध्ये कोणी विमान उडवलेलं नव्हतं. फर्ग्युसन यांनी स्वतः विमान बांधलं आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो इथे ते साधारण १२० मीटर उडवून दाखवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं विमान उड्डाण. वय किती? फक्त २५.

१९११ मध्ये त्यांनी बेलफास्टमध्ये स्वतःचा धंदा सुरू केला. तिथे विली सँड्स नावाचे मेकॅनिक त्यांच्यासोबत आले. फर्ग्युसन बोलायला आणि विकायला तयार, सँड्स हाताने घडवायला तयार. ही जोडी पुढे कित्येक वर्षं टिकली. फर्ग्युसन यांच्या नावावर जे जमा आहे, त्यात सँड्स यांच्या हाताचा वाटा फार मोठा आहे, हे इथे सांगायलाच हवं.

१९१७ : गावोगाव फिरून ट्रॅक्टर तपासले

पहिलं महायुद्ध सुरू होतं. ब्रिटनला धान्य हवं होतं, माणसं आणि घोडे मात्र युद्धावर गेलेले. सरकारने शेतीसाठी ट्रॅक्टर आणले, पण ते चालवणाऱ्यांना त्यांची काहीच माहिती नव्हती. १९१७ मध्ये आयर्लंडच्या शेती खात्याने फर्ग्युसन यांना काम दिलं की देशभर फिरा, हे ट्रॅक्टर पाहा, आणि त्यांच्याकडून नीट काम कसं होईल ते लोकांना शिकवा.

मला या माणसाच्या आयुष्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा काळ वाटतो. विमानाच्या गोष्टीवर लोक टाळ्या वाजवतात, पण फर्ग्युसन घडले ते या फिरतीत. सँड्स यांना घेऊन ते शेताशेतांत गेले. मशीन कागदावर कशी आहे आणि चिखलात, धुळीत, घाईत असलेल्या माणसाच्या हातात कशी आहे, यातला फरक त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्यांच्या लक्षात आलं की ट्रॅक्टर नवा असला तरी त्याच्यामागचा नांगर जुनाच आहे, घोड्यासाठी बनवलेला. तो साखळीने मागे बांधला की ट्रॅक्टर म्हणजे एक महागडा लोखंडी घोडाच.

आणि हा घोडा जीवही घ्यायचा. त्या काळात फोर्ड कंपनीचा फोर्डसन ट्रॅक्टर सगळीकडे पसरत होता. नांगर जमिनीतल्या दगडात किंवा मुळात अडकला की मागची चाकं थांबायची, पण इंजिन जोर लावतच राहायचं. मग ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जायचं आणि अख्खा ट्रॅक्टर मागे उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर यायचा. उडी मारायलाही वेळ मिळत नसे. कित्येक माणसं अशी मेली.

थ्री पॉइंट लिंकेज म्हणजे काय?

यावर उत्तर शोधायला फर्ग्युसन, सँड्स आणि आर्ची ग्रीअर यांना बरीच वर्षं लागली. उत्तर तुम्ही रोज पाहता. ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन आर्म आणि वर मधोमध एक टॉप लिंक, अशा तीन ठिकाणी अवजार जोडलं जातं. म्हणून थ्री पॉइंट.

गंमत टॉप लिंकमध्ये आहे. नांगर जमिनीत ओढला जाताना त्याचा वरचा भाग पुढे झुकायला बघतो आणि टॉप लिंक ट्रॅक्टरवर पुढच्या बाजूला दाबते. त्यामुळे ट्रॅक्टरचं तोंड वर उठण्याऐवजी खाली दाबलेलं राहतं. म्हणजे जी ताकद माणसाला मारत होती तीच त्याला सांभाळायला लागली. शिवाय नांगराचा भार मागच्या चाकांवर आल्यामुळे हलका ट्रॅक्टरसुद्धा जमिनीला घट्ट धरतो.

पुढची पायरी हायड्रॉलिकची. टॉप लिंक जिथे ट्रॅक्टरला जोडली जाते तिथे एक जाड स्प्रिंग असते. जमीन कठीण लागली की ओढ वाढते, स्प्रिंग दाबली जाते, तिला जोडलेला व्हॉल्व्ह हलतो आणि नांगर आपोआप किंचित वर येतो. जमीन मऊ झाली की परत खाली. ना सेन्सर, ना चिप, ना सॉफ्टवेअर. याचं मूळ पेटंट १९२६ चं आहे. आपल्या खिशातल्या फोनमध्ये डझनभर सेन्सर असतात, पण एका स्प्रिंगकडून इतकं काम करून घेणारं डोकं बघितलं की मला तरी हेवा वाटतो.

१९३३ मध्ये त्यांनी स्वतःचा नमुना ट्रॅक्टर तयार केला. रंग काळा, म्हणून नावही 'ब्लॅक ट्रॅक्टर' पडलं. १९३६ पासून डेव्हिड ब्राउन यांच्यासोबत उत्पादन सुरू झालं, पण दोघांचं पटलं नाही. फर्ग्युसन यांचं फारसं कोणाशी पटत नसे. टापटीप इतकी की लोक वैतागायचे, आणि त्यांच्या डिझाइनला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

एका हस्तांदोलनावर झालेला सौदा

ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्याकडे गेले. फोर्ड यांच्या डिअरबॉर्नमधल्या जागेवर नांगरट करून दाखवली. सोबत चावीवर चालणारा छोटा खेळण्यातला ट्रॅक्टरही होता, त्यावर त्यांनी सगळं तत्त्व समजावून सांगितलं. फोर्ड खूश झाले. दोघांनी तिथल्या तिथे हात मिळवले. वकील नाही, कागद नाही, सही नाही. फोर्ड ट्रॅक्टर बनवणार, फर्ग्युसन विकणार. आपल्या भाषेत सांगायचं तर पाण्यातल्या म्हशीचा सौदा!

१९३९ मध्ये फोर्ड ९एन ट्रॅक्टर आला. किंमत ५८५ डॉलर. १९४७ पर्यंत हा आणि त्याचा भाऊ २एन मिळून तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले.

एक पाना पुरे

इकडे ब्रिटनमध्ये १९४६ साली कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात स्टँडर्ड मोटर कंपनीने फर्ग्युसन यांचा टीई२० बनवायला घेतला. राखाडी रंगाचा, बुटका, हलका. लोक लाडाने त्याला छोटी राखाडी फर्गी म्हणायचे. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर निघाले. एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते पट्टे लावलेल्या याच ट्रॅक्टरवर.

या ट्रॅक्टरसोबत एक पाना मिळायचा, आणि माझा सगळ्यात जास्त जीव त्या पान्यावर आहे. अवजारं जोडताना, जुळवताना लागणारे जवळपास सगळे नट त्या एकाच पान्याने फिरायचे. त्याच्या दांड्यावर इंचाच्या खुणा होत्या, म्हणजे तीच पट्टी. तासाची रुंदी मोजायला वेगळं काही शोधायला नको. १९१७ च्या फिरतीत जे पाहिलं त्याचं हे उत्तर होतं. शेतकऱ्याच्या हाताशी शेतात काय असतं, याचा विचार आधी केलेला. स्टोनली इथे त्यांनी प्रशिक्षण शाळाही चालवली, कारण मशीन विकून मोकळं होणं त्यांना मान्य नव्हतं.

त्यांच्या हायड्रॉलिकमध्ये स्वच्छतेला फार किंमत होती. पंप मागच्या हाउसिंगमधल्या तेलातच बुडालेला, आणि गिअरना लागणारं तेलही तेच. त्या तेलात माती गेली की लिफ्टची तक्रार सुरू. हवेसाठी ऑइल बाथ एअर क्लीनर होता. खाली वाटीत तेल, हवा त्या तेलावर आपटून वर जाते, धूळ तेलात राहते. वाटी वेळेवर साफ केली तर काम मिनिटांचं. नाही केली तर तेलाचा चिखल होतो आणि वाटी जागेवर चिकटून बसते. फिल्टर अडकणं ही आजची भानगड नाही, तेव्हाही होतीच.

अडकलेला फिल्टर कसा काढायचा?

आता आपल्या मूळ प्रश्नावर येऊ. आजच्या बऱ्याच ट्रॅक्टरवर डब्यासारखा, आट्यांवर फिरवून बसवायचा ऑइल फिल्टर असतो. तो अडकतो त्याची कारणं साधी आहेत. रबराची रिंग कोरडीच बसवली, हाताने आवळायच्या ऐवजी पान्याने आवळला, किंवा ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काळ तसाच ठेवला. उष्णतेने रबर कडक होतं आणि लोखंडाला चिकटतं. आमच्या भागात तर दुसऱ्या दिवशी गळती नको म्हणून पान्याने करकचून आवळून देणारे मिस्त्री मी पाहिलेत. त्याची शिक्षा पुढचा फिल्टर काढणाऱ्याला.

सुरुवात अशी करा. ट्रॅक्टर सपाट जागी लावा, इंजिन चार-पाच मिनिटं चालवा, मग बंद करून चावी काढून घ्या. इंजिन कोमट असलं की रबर सैल पडतं. उकळत्या तेलाशी मात्र खेळू नका. खाली घमेलं ठेवा. फिल्टर कोरड्या फडक्याने तेल जाईपर्यंत पुसा, त्यावर पॉलिश पेपर खरखरीत बाजू आत करून गुंडाळा आणि दोन्ही हातांनी फिरवा. फिल्टरच्या बंद तोंडाकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने. अर्धे फिल्टर एवढ्यावरच निघतात, कारण खरी अडचण तेलकट हाताची असते.

नाही निघाला तर पट्ट्याचा किंवा साखळीचा फिल्टर पाना घ्या. तो फिल्टरच्या टोकाला लावू नका, इंजिनाकडच्या कडेला लावा. तिथे आत जाड चकती असल्यामुळे डबा चेपत नाही. पाना नसेल तर जुन्या फॅन बेल्टचा फास करून त्यात दांडा अडकवून फिरवता येतं. झटके देऊ नका, सावकाश एकसारखा जोर लावा.

डब्यात स्क्रू ड्रायव्हर ठोकून आरपार घालायचा आणि फिरवायचा, हा उपाय व्हिडिओत फार दिसतो. मी तो सगळ्यात शेवटी ठेवीन. पत्रा फाटतो, कडा ब्लेडसारख्या धारदार होतात, आणि इंजिनाकडची चकती जागेवरच राहिली तर काम दुप्पट. ठोकायचाच असेल तर डब्याच्या मधोमध न ठोकता कडेकडेने ठोका, म्हणजे आतल्या आट्यांना धक्का लागणार नाही. चकती मागे राहिलीच तर तिच्या कडेवर छिन्नी तिरकी धरून हलके ठोके द्यायचे, सैल होण्याच्या दिशेने. इंजिनाकडची बसायची जागा ओरखडली तर नवा फिल्टरही गळणार, एवढं लक्षात ठेवा.

फिल्टर निघाला की जुनी रबर रिंग त्याच्यासोबत आली का ते बघा. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि त्यावरच नवी बसवली, तर ऑइलचा दाब आला की दोन रिंगांमधून तेल बाहेर फेकलं जातं, आणि तेल संपलेलं इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही. जागा पुसा, नव्या रिंगला बोटाने तेल लावा, रिंग टेकेपर्यंत फिरवा आणि मग हातानेच साधारण पाऊण फेरा. नेमका आकडा फिल्टरवर छापलेला असतो, तो पाळा. तेल भरून इंजिन चालू करा, गळती बघा, बंद करून पातळी परत तपासा. मार्करने फिल्टरवर तारीख आणि तासांचं रीडिंग लिहून टाका.

डिझेल फिल्टर मधल्या बोल्टवर बसवलेला असेल तर आधी टाकीचा कॉक बंद करा. त्या बोल्टला अंगातली सगळी ताकद लावू नका. वरचा भाग बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा असतो, आटे गेले तर खर्च मोठा. नवा बसवल्यावर एअर काढायला विसरू नका.

मग भांडण लागलं

हेन्री फोर्ड वारले १९४७ मध्ये. त्याआधीच सूत्रं नातवाकडे, हेन्री फोर्ड दुसरे यांच्याकडे गेली होती. त्यांनी तोंडी करार संपवला आणि फोर्ड कंपनी फर्ग्युसन यांच्याच पद्धतीचा ८एन ट्रॅक्टर स्वतः विकायला लागली. फर्ग्युसन यांनी २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला. खटला चार वर्षं चालला. एप्रिल १९५२ मध्ये तडजोड झाली ती ९२ लाख ५० हजार डॉलरवर. मागितलं त्याच्या तुलनेत डोंगर पोखरून उंदीर, पण एका माणसाने फोर्डसारख्या कंपनीला पैसे मोजायला लावले, ही बातमी जगभर गेली.

इथे मला एक गोष्ट खटकते तीही सांगतो. शेतकऱ्याला एका पान्यात मोकळं करणाऱ्या या माणसाने ट्रॅक्टर आणि अवजारं मात्र आपल्याच पद्धतीत बांधून ठेवली होती. फर्ग्युसन ट्रॅक्टर घेतला की अवजारंही फर्ग्युसनचीच. फोन एका कंपनीचा घेतला की चार्जर, घड्याळ, इअरफोन सगळं तिचंच घ्यायला लागतं, तसंच. मूळ पेटंटची मुदत संपली तेव्हाच ही जोडणी सगळ्यांची झाली. आज तिचा आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ७३०. महिंद्रा असो, स्वराज असो की जॉन डिअर, मागे तीन पॉइंट तेच. शेजाऱ्याचं रोटाव्हेटर तुमच्या ट्रॅक्टरला लागतं ते यामुळे.

१९५३ मध्ये फर्ग्युसन यांची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. सौद्यात दहा लाख डॉलरवरून अडलं, तेव्हा नाणं उडवून निकाल लावला. फर्ग्युसन हरले, आणि पैसे सोडले. वर्षभरातच ते त्या कंपनीतून बाहेर पडले. १९५८ पासून नाव झालं मॅसी फर्ग्युसन. भारतात १९६० मध्ये चेन्नईत टॅफे कंपनी स्थापन झाली आणि हे ट्रॅक्टर इथे बनू लागले, म्हणून ते नाव आपल्या बांधापर्यंत आलं.

मशीन मालकाने उघडायची की फक्त कंपनीने, हा वाद आता पुन्हा पेटलाय. नव्या ट्रॅक्टरमध्ये बिघाड शोधायलाही कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. अमेरिकेत शेतकरी दुरुस्तीचा हक्क मागत आहेत, आणि २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतीच्या यंत्रांसाठी तसा कायदाही केला.

शेवटची वर्षं

ट्रॅक्टरमधून बाहेर पडल्यावर फर्ग्युसन मोटारींकडे वळले. चारही चाकांना ताकद दिली तर गाडी घसरणार नाही, अपघात कमी होतील, हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यात फारसा रस दाखवला नाही. झोप लागत नसे, मन खचत चाललं होतं. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधल्या स्टो-ऑन-द-वोल्ड इथल्या घरी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या लोकांनी चारही चाकांवर चालणारी पी९९ ही शर्यतीची गाडी पूर्ण केली. सप्टेंबर १९६१ मध्ये ओल्टन पार्कच्या गोल्ड कप शर्यतीत स्टर्लिंग मॉस ती घेऊन उतरले आणि पहिले आले. फर्ग्युसन यांना जाऊन तेव्हा अकरा महिने होत आले होते.